कोनाड्याला काच

गोंदिया जिल्ह्यात कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलात की चहा येईपर्यंत भिंत वाचावी लागते. भिंतीचा क्रम ठरलेला. मधोमध देव. देवाच्या एका बाजूला हार घातलेले वडीलधारे. दुसऱ्या बाजूला लग्नाचा फोटो, त्यात नवरदेव घाबरलेला आणि नवरी दमलेली. त्याखाली प्रमाणपत्रं आणि सत्काराची मानपत्रं. मानपत्रावरच्या पत्त्यात ‘जि. भंडारा’ असेल तर ते १ मे १९९९ च्या आधीचं, म्हणजे जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचं, हे पाहुण्यानं आपणच समजून घ्यायचं. घर तिथंच, माणूस तिथंच, धानाची बांधी तिथंच. बदलला तो फक्त जिल्हा.

इतकी वर्षं ही भिंत सपाट होती. अलीकडे तिला पोट सुटलं आहे. फ्रेम भिंतीपासून दोन बोटं, चार बोटं, कधी वीतभर पुढे येते, आणि आत चित्राच्या सोबतीला एक खरीखुरी वस्तू बसलेली असते. गुरुजींच्या रेखाचित्राशेजारी त्यांचा डस्टर आणि खडूचा तुकडा. भजनी मंडळातल्या आजोबांच्या चित्राखाली त्यांचे टाळ. लग्नाच्या चित्राबरोबर बाशिंग. दुकानदार याला बॉक्स फ्रेम म्हणतो, बोर्डावर ‘थ्रीडी फ्रेम’ असं लिहितो आणि आतल्या बाजूला बसलेला जुना कारागीर वर न पाहता विचारतो, “सादी पायजे का डब्बा?”

ही फॅशन शहरातून आली असं तरुण मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. ही गोष्ट आपल्याकडे आधीपासून होती, फक्त तिला काच नव्हती.

जुनी कवेलूची घरं आठवून पाहा. मातीची भिंत दीड-दोन फूट जाड. त्या जाडीत कोनाडे. एका कोनाड्यात दिवा, दुसऱ्यात आजोबांचा चष्मा आणि बिडीचं बंडल, तिसऱ्यात अडकित्ता आणि चुन्याची डबी. कोनाड्याच्या कडेनं गेरू आणि चुन्याची नक्षी. म्हणजे कलाकृतीही होती, वस्तूही होती, खोलीही होती आणि माउंटसुद्धा होता. मग घरकुलं आली, स्लॅब आला, विटांची भिंत नऊ इंचांवर आली आणि आतली तर साडेचार इंचांवर. साडेचार इंचांच्या भिंतीत कोनाडा काढला तर तो पलीकडच्या खोलीत खिडकी म्हणून उघडतो. कोनाडा गेला, पण त्यातल्या वस्तू गेल्या नाहीत. त्या आधी आलमारीत, मग आलमारीवर, मग पलंगाखालच्या पेटीत गेल्या आणि आता भिंतीत जागा नाही म्हणून भिंतीच्या बाहेर डबा टांगून त्यात येऊन बसल्या आहेत.

चित्र आणि खरी वस्तू एकत्र आणायची हौसही आपल्याला नवी नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. घरातल्या बायकांनी काय केलं? छापील लक्ष्मीला छापील साडीत ठेवणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी त्या चित्रावर खऱ्या कापडाची साडी शिवली, जर लावली, टिकल्या आणि मणी टाके घालून बसवले. चेहरा आणि हात तेवढे रविवर्म्याचे, बाकी सगळं घरचं. असं भरजरी चित्र साध्या फ्रेममध्ये बसत नाही. काचेला जर चिकटते. त्यामुळे पट्टीच्या आत आणखी एक पट्टी देऊन खोली वाढवणारा कारागीर तेव्हाही लागलाच असणार.

आजचा कारागीर कसं काम करतो, ते एकदा दुकानात उभं राहून पाहण्यासारखं असतं. भिंतीवर पट्ट्यांचे कोपरे टांगलेले असतात : सोनेरी, काळे, सागवानी रंगाचे फायबर. भाव फुटावर. काच कापायला त्याच्याकडे ‘हिरा’ असतो. त्याच्या टोकाला पोलादाचं बारकं चाक असतं, हिऱ्याचा त्यात कणही नसतो, पण नाव हिराच. पट्टी धरून तो एकदाच ओढतो, खर्रर असा आवाज येतो, खालून हलकं ठोकतो आणि काच सरळ रेषेत सुटते. आपण टाळी वाजवण्याच्या बेतात असतो तोवर तो तुकडा बाजूला ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलेला असतो.

डब्ब्याचे त्याचे नियम पक्के. वस्तू काचेला टेकता कामा नये, मधे बोटभर हवा पाहिजे. आपल्याकडचा पावसाळा धानाला मानवतो, कागदाला नाही. ओल काचेच्या आतून धरते आणि चित्र काचेला चिकटलं की मग सोलूनच काढावं लागतं. चित्र चारी बाजूंनी डिंकानं चिकटवायचं नाही, वरच्या कडेला दोन ठिकाणी धरायचं, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला खाली सरकायला जागा राहते. जड वस्तू चिकटवायची नाही, मागच्या प्लायला दोन भोकं पाडून तारेनं बांधायची. डिंक उन्हाळ्यात सुटतो. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं सुटतात, डिंकाचं काय घेऊन बसलात!

आमच्या घरचा डब्बा झाला तो मामाजींच्या शिट्टीपायी. मामाजी म्हणजे आमचे सासरे. छोट्या लाइनवर गार्ड होते. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी आता नाही. गोंदिया-बालाघाट मोठ्या लाइनवर आधी गेलं, पुढचा टप्पा २०१५ मध्ये बंद पडून नंतर रुंद झाला आणि त्या गाडीची इंजिनं पाहायला नागपूरच्या मोतीबागेतलं संग्रहालय गाठावं लागतं. पण मामाजींच्या खिशात शिट्टी राहिली. त्यांच्या नातीनं जलरंगात छोट्या गाडीचं चित्र काढलं. फुललेले पळस, मधून जाणारी गाडी, वर काळा धूर. चित्र आणि शिट्टी एका फ्रेममध्ये घालून आजोबांच्या पंचाहत्तरीला द्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे घरातल्या सगळ्यांना सांगितलं, आणि तिथून घोळ सुरू झाला.

मामाजींनी आधी चित्रावर हरकत घेतली.

“इंजिनातून धूर कायले काढला?”

“आजोबा, छान दिसते ना!”

“मी डिझलवर होतो. हा धूर माझ्या बापाच्या टायमाचा हाय.”

नात म्हणाली, मग डिझेलचा थोडा धूर समजा. मामाजी म्हणाले, डिझेलचा इतका धूर निघाला असता तर नैनपूरला रिपोर्ट लिहावा लागला असता. शेवटी धूर फिका करून मिटवलं.

मग सासूबाई बोलल्या. बोलायचं नव्हतं असं म्हणत बोलल्या. “गाडी यायनं चालवली. डबा रोज पहाटे मी दिला. मग डबा कुठं गेला म्हणते मी?” मुद्दा बिनतोड होता. त्यांचा चार खणांचा पितळी टिफिन माळ्यावरून उतरला. पाठोपाठ मोठ्या भाऊजींनी लाल-हिरव्या झेंड्या काढल्या. धाकट्यांकडे पुठ्ठ्याची जुनी तिकिटं निघाली. १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरानं काढलेल्या नमुन्याची ती तिकिटं, सव्वादोन इंच लांब. जगभर गेली, तशी गोंदियालाही आली आणि आमच्या घरात रबरबँड लावून पडून राहिली. त्यावर धाकटे भाऊजी अर्धा तास बोलले. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त गार्डाच्या हातातला कंदील आणून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेल्या.

हे सगळं पिशवीत घालून आम्ही दुकानात गेलो. कारागिरानं एकेक वस्तू पट्टीनं मोजली. शिट्टी : पाऊण इंच. झेंडी गुंडाळून : दीड इंच. टिफिन : पाच. कंदील त्यानं उचलला, फिरवला, परत ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, ही फ्रेम नाही होत. ही आलमारी होते. सुतार समोरच्या गल्लीत बसते.”

त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली. डब्ब्याची खोली वस्तूवर ठरत नाही, नातेवाइकांवर ठरते. माणूस एक असला तरी त्याची आठवण ज्याच्या-त्याच्या घरी वेगळ्या वस्तूत ठेवलेली असते, आणि प्रत्येकाला आपली वस्तू मधोमध हवी असते. सपाट फोटोत ही भांडणं होत नाहीत. फोटोत नवऱ्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला की विषय संपला. वस्तू आल्या की हिशेब आला.

अखेर शिट्टी, चित्र आणि एक तिकीट एवढ्यावर तडजोड झाली. टिफिन सासूबाईंनी परत घेतला, तोही “कामाचाच हाय, टांगून कायले ठेवता” असं म्हणून. खरं तर त्यांना टिफिन मोकळा हवा होता, की भिंतीवर हवा होता, हे त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

आमच्यापुरतं मिटलं. गावात मात्र एकेक डब्बे पाहायला मिळतात. एका शेतकऱ्यानं पटाच्या बैलाचा फोटो आणि त्याची घुंगरमाळ एकत्र फ्रेम केली होती. शंकरपट म्हणजे आमच्याकडे नुसती बैलांची शर्यत नसते. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात सोयरिकी जमतात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. आता हे संपलंच, असं म्हणून घुंगरमाळ काचेआड गेली आणि बैल आजोबांच्या फोटोशेजारी लागला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानंही मान्यता दिली. नवी जोडी तयार झाली, पण शुभशकुनाची घुंगरमाळ भिंतीवर खिळे ठोकून बंद. काच फोडून ती बाहेर काढली. फ्रेममध्ये आता बैल आहे आणि त्याच्या गळ्याखाली दोन भोकं आहेत.

तान्ह्या पोळ्याचं तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन निघतात. एका घरात पोराचं रंगीत चित्र आणि पहिला नंदी हौसेनं डब्ब्यात बसवला. पुढचा तान्हा पोळा आला तेव्हा पोरगं फ्रेमखाली उभं राहून रडत होतं. वडील समजूत घालत होते, “ही आठवण आहे, बाळा.” बाळाला आठवण नको होती, बैल हवा होता.

धानाच्या लोंबीचा प्रकार त्याहून मजेशीर. आपल्या बांधीतली पहिली लोंबी, शेजारी शेताचं चित्र, खाली आजोबांचं नाव, ही कल्पना देखणीच. पण धानाला लागणारं पाखरू पिकावर शेतातच अंडी घालतं, अळी दाण्यात शिरते आणि मोठी झाल्यावर भोक पाडून बाहेर येते. बंद काचेत हा सगळा कार्यक्रम निवांत होतो. महिना-दीड महिन्यानं घरात पाहुणे जमलेले असताना फ्रेमच्या आत पाखरं उडायला लागतात. पाहुणे विचारतात, “हे चित्र हलते का?” उपाय सोपा आहे. लोंबी फ्रेम करण्याआधी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायची. फक्त पिशवीवर चिठ्ठी लावायची, नाहीतर घरात कुणीतरी ती भाजीबरोबर बाहेर काढते.

कुणी सारसाचं चित्र काढतो. काढावंच, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला हा सर्वांत उंच पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजका, आणि धानाच्या बांधीतच घरटं करतो. पण चित्राशेजारी सारसाचं पीस लावायची हौस आवरावी. मोराच्या शेपटीच्या पिसांना १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सवलत आहे, ती सारसाला नाही. भिंतीवर पीस आणि दारात वनरक्षक, हा संगम टाळलेला बरा.

आणि आता बाळाचे हात-पाय. ओल्या मिश्रणात बाळाची मूठ बुडवून साचा घेतात, त्यात प्लास्टर ओततात, सोनेरी रंग मारतात आणि बारशाच्या फोटोसोबत डब्ब्यात लावतात. रेष न् रेष उमटते, काम सुरेखच असतं. आमच्या ओळखीच्या एका आजीनं तो पाहून विचारलं, “लेकराचे हात कापून लावले काय जी?” त्या फ्रेमनं हॉलमधली जागा सोडली आणि ती बेडरूममध्ये गेली.

भिंतीला फ्रेम लावणं हा तर स्वतंत्र अध्याय. साध्या फोटोला एक खिळा पुरतो आणि तो घरातला कोणीही ठोकू शकतो. डब्बा जड. त्याला ड्रिल, गुट्टी, स्क्रू आणि दोन कड्या लागतात. शिवाय तीन माणसं : एक ड्रिल मारणारा, एक स्टूल धरणारा आणि एक लांब सोफ्यावर बसून “उजवीकडे जरा खाली” म्हणणारा. तिसऱ्याशिवाय फ्रेम सरळ लागत नाही, आणि तिसरा असला तर ती लागतच नाही.

मामाजींची पंचाहत्तरी झाली. डब्बा भिंतीवर लागला. सगळ्यांनी फोटो काढले. मग मामाजी जवळ गेले, काचेवर बोट टेकवलं आणि विचारलं, “वाजवाची कशी?”

घरात कुणालाच उत्तर सुचेना. आम्ही शिट्टी जपली होती, ओलीपासून, धुळीपासून, उधईपासून आणि मामाजींपासूनही. तशी ही चूक मोठमोठ्या संग्रहालयांतही होते. अमेरिकेत जोसेफ कॉर्नेल नावाचा कलावंत होऊन गेला, १९०३ चा जन्म, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आई आणि आजारी भावासोबत राहायचा. काचेच्या डब्यात पक्ष्यांची चित्रं, बुचं, चेंडू, मातीचे पाइप असल्या वस्तू मांडायचा. आज त्या डब्यांना हात लावता येत नाही. पण त्यानं स्वतः १९७२ मध्ये, मरणाच्या वर्षी, खास मुलांसाठी प्रदर्शन भरवलं तेव्हा डबे मुलांच्या उंचीवर लावले होते आणि मुलांना खायला केक ठेवले होते. डबे कुणासाठी केले, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम परत दुकानात गेली. कारागिरानं मागचे खिळे काढले, काचेच्या चौकटीला एका बाजूनं दोन बारक्या बिजागऱ्या लावल्या, दुसऱ्या बाजूला आलमारीला असतं तसं चुंबक. शिट्टीची तार काढून तिथं आकडा बसवला. जास्तीचे पैसे घेतले आणि वर सुनावलं, “पयलेच सांगाचं असते.” आता मामाजी रोज चार वाजता दार उघडतात, शिट्टी घेतात, जोरात वाजवतात, पुसून परत अडकवतात. शेजारच्या घरात दुपारी झोपणारे काका नाराज आहेत, पण त्यांची तक्रार वेळेवर येणाऱ्या गाडीविरुद्ध असल्यानं कुणी मनावर घेत नाही.

तेव्हा फ्रेम करणाऱ्यांना एवढंच सांगणं. चित्र जरूर लावा, सोबत वस्तूही लावा, लोंबी फ्रीझरमध्ये ठेवायला विसरू नका, नातेवाइकांना आधी सांगू नका. आणि काय वाटेल ते करा, पण मागून खिळे ठोकायच्या आधी पुढे दार ठेवायला सांगा. कोनाड्यातली वस्तू हात घालून काढता येत होती, म्हणून ती वापरात राहिली. बिजागरीचे पैसे जास्त लागतात, पण काच फोडण्यापेक्षा ते कमीच असतात.